कीटक सापडत नाहीत, तरी रोग ओळीने सरकतोय: पॉलीहाऊसमधल्या टोमॅटोचे विषाणू

कुडाळजवळच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस, जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावलेला टोमॅटो, रोपं घाटावरच्या एका नर्सरीतून आणलेली. बगलफूट (पानाच्या बगलेतून फुटणारे जादा कोंब) काढायची तिसरी फेरी झाल्यावर चौथ्या ओळीतल्या काही झाडांच्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे आले, शेंड्याची पानं नेच्यासारखी अरुंद निघू लागली. दोन आठवड्यांत तेच पाचव्या आणि सहाव्या ओळीत. पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढरी माशी जवळजवळ नाहीच. तरी तीन कीटकनाशकं मारून झाली. आता दुकानदार ‘व्हायरसवरचं’ औषध देतो आहे, आणि शेजारी म्हणतात सगळं उपटून टाका.

नमस्कार. ते औषध घेऊ नका, आणि उपटायची घाईही आज करू नका. झाडाच्या पेशीत शिरलेला विषाणू बाहेर काढणारी कुठलीही फवारणी नाही. अशा बाटल्यांमध्ये बहुधा सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात. त्यांनी पान चार दिवस हिरवं दिसतं, आणि त्या चार दिवसांत रोग आणखी एक ओळ पुढे जातो.

आधी एक कागद घ्या, त्यावर सगळ्या ओळी आखा आणि प्रत्येक रोगट झाडाच्या जागी फुली मारा. फुलीजवळ ते झाड पहिल्यांदा कधी दिसलं ती तारीख लिहा. आठवत नसेल तर कामाला येणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना नक्की आठवतं. गेली बावीस वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेडनेट आणि पॉलीहाऊसमध्ये फिरते आहे, आणि फवारणीवर गेलेले निम्मे पैसे हा कागद आधी केला असता तर वाचले असते असं मला वाटतं.

फुल्या पॉलीहाऊसच्या कडेला, दाराजवळ किंवा जाळी फाटलीय तिथे जास्त असतील, तर रोग उडत आलाय. इथे एक, तिथे एक अशा विखुरलेल्या असतील, तर बहुधा मावा येऊन टोचून गेलाय. आणि फुल्या एकाच ओळीत एकामागोमाग असतील, तारखाही त्याच क्रमाने पुढे सरकत असतील, तर रोग माणसाच्या हाताने चाललाय. तुमच्या वर्णनावरून मला हे तिसरंच दिसतं. बगलफूट काढली आणि दहा-बारा दिवसांनी लक्षणं आली, ओळ संपल्यावर पुढची ओळ धरली, सापळे रिकामे. मागे एका ठिकाणी मी असाच नकाशा काढत होते. फुल्या एका ओळीत मध्येच सुरू होत होत्या, ते कोडं सुटेना. तेव्हा तिथे काम करणारी बाई म्हणाली, “काल आमी हयसरच थांबलव, सकाळी हयसूनच सुरवात.” म्हणजे काल इथेच थांबलो, आज इथूनच सुरुवात. आदल्या संध्याकाळी हात धुऊन ती घरी गेली होती, पण कात्री तशीच दोरीला टांगलेली होती.

पण विषाणूचा शिक्का मारण्याआधी आपल्याकडे एक गोष्ट तपासायलाच हवी. जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूला भात असतं आणि भातातल्या रुंद पानांच्या तणांवर 2,4-डी मारतात. टोमॅटो या औषधाला फार नाजूक आहे. वाऱ्याबरोबर आलेला थोडासा अंश, किंवा तोच पंप नीट न धुता वापरला, तरी शेंड्याची पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, दिसायला हुबेहूब विषाणूसारखंच. फरक असा की हे एकाच वेळी होतं, भाताच्या बाजूची सगळी झाडं एकदम दाखवतात, पुढे सरकत नाही, आणि काही आठवड्यांनी येणारी नवी पानं बरी येतात. तुमच्याकडे ते हळूहळू सरकतंय, म्हणून मी तिकडे झुकत नाही. पण पंप कुणाला उसना दिला होता का, ते एकदा विचारा. दुसरी शंका डोळ्यांना न दिसणाऱ्या, रस शोषणाऱ्या कोळी या किडीची. दमट हवेत ती शेंडे आकसून टाकते, पण पान खालच्या बाजूने तपकिरी, चकचकीत दिसतं आणि फिकट-गडद चट्टे नसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा.

आता हाताने पसरतो तो कोण, ते सांगते. तंबाखू मोझॅक, टोमॅटो मोझॅक (मोझॅक म्हणजे पानावरचे तेच फिकट-गडद चट्टे) आणि त्यांच्या भावकीतला नवा, फळावर तपकिरी सुरकुत्या आणणारा विषाणू, हे सगळे एकाच कुळातले. त्यांना माशी, फुलकिडे, मावा कुणाचीच गरज नाही. बगलफूट मोडताना पानावरची बारीक लव तुटते, बोटांना तो हिरवा-काळा रस लागतो (टोमॅटोत काम केलेल्याला माहीत आहे, तो डाग साबणानेही लवकर जात नाही), आणि पुढच्या झाडाची लव तुटली की तोच रस आत जातो. झाडाला एवढी जखम पुरते. दोर गुंडाळताना, पानं काढताना, तोडणी करताना, अरुंद वाटेतून जाताना बाही घासली तरीसुद्धा.

या विषाणूच्या चिवटपणाची गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. 1892 मध्ये इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरी गाळलेला रस रोग देतच होता. 1898 मध्ये बायेरिंक यांनी हा जिवाणू नव्हे, काही वेगळंच आहे असं मांडलं. आणि 1935 मध्ये स्टॅनली यांनी याच तंबाखू मोझॅक विषाणूचे स्फटिक करून दाखवले. ज्याचे स्फटिक करून बाटलीत ठेवता येतात आणि नंतर पाण्यात विरघळवून झाडाला रोग देता येतो, तो कोरड्या हातावर, दोरीवर, क्रेटवर वाळून मरेल अशी आशाच करू नये. इंग्लंडमधल्या काचगृहांत झालेल्या प्रयोगांत अंधाऱ्या बंद जागी टांगून ठेवलेल्या कामाच्या कपड्यांवर हा विषाणू तीन वर्षांनंतरही रोग देण्याइतका टिकला होता. डिटर्जंटने धुतलेल्या कपड्यांवरून मात्र तो गेला. म्हणून पॉलीहाऊसच्या खोलीत खुंटीवर लटकणारा तो जुना शर्ट उद्याच धुवायला टाका.

तंबाखूचं नाव आलंच आहे तर बोलते, आणि हे बोलताना कुणाला कमी लेखायचा हेतू नाही. आपल्याकडे बिडी आणि तंबाखू-चुना घराघरात आहे. पानं वाळवून, कुटून झाली तरी तंबाखूतला हा विषाणू टिकून राहू शकतो. सकाळी तंबाखू-चुना मळून तशाच बोटांनी बगलफूट काढायला सुरुवात झाली तर पहिल्या झाडाला रोग लागायची वाट तिथेच मोकळी झाली. कामाला येणाऱ्यांना ओरडून काही होत नाही. दाराशी पाण्याची बादली, साबण आणि नखं घासायचा ब्रश ठेवा, आणि आत जाताना पहिल्यांदा तुम्ही स्वतः हात धुवा. मालक धुतो म्हटल्यावर बाकीचे धुतात.

तुमच्या पॉलीहाऊसमध्ये पहिलं रोगट झाड कुठून आलं? माझा पहिला संशय रोपांवर आहे. हा विषाणू बीच्या सालीवर चिकटून येतो. बीच्या आतल्या कोंबात तो सहसा नसतो, पण कोंब साल फोडून बाहेर येताना किंवा रोप उपटून लावताना झालेल्या बारीक जखमेतून शिरतो. हजारात एखादंच रोप असं निघालं तरी नर्सरीत ट्रे उचलताना, मोजताना, भरताना हात सगळ्यांना लागतात. मग ट्रे घाट उतरून येतो, रोपं तजेलदार दिसतात, आणि लक्षणं दोन आठवड्यांनी तुमच्या दारात उमटतात.

कलमी रोपांचा धोका तर दुप्पट. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत जिवाणूजन्य मर रोग इतका त्रास देतो की टोमॅटो रानवांग्याच्या खुंटावर कलम करून लावणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, मी स्वतः त्याचा आग्रह धरते. पण 2011 मध्ये माझ्याच नर्सरीत कलमं करताना मी एक चूक केली. एकच ब्लेड आम्ही दिवसभर वापरलं. तीन आठवड्यांनी मोझॅक दिसू लागला आणि ट्रेवर फुल्या मारल्या तेव्हा ज्या क्रमाने ब्लेड फिरलं होतं त्याच क्रमाने रोपं आजारी होती, बाविसाव्या ट्रेपासून शेवटच्या ट्रेपर्यंत. ती सगळी रोपं मी जाळली आणि ज्यांनी आगाऊ पैसे दिले होते त्यांचे परत केले. तेव्हापासून प्रत्येक ट्रेला नवं किंवा निर्जंतुक केलेलं ब्लेड, आणि शेल्फावर तंबाखूच्या जातीतलं निकोटियाना ग्लुटिनोसा हे रोप कायम कुंडीत. शंका असलेल्या पानाचा रस थोड्या बारीक वाळूबरोबर त्याच्या पानावर हलकेच चोळला आणि तीन-चार दिवसांत तिथे तपकिरी वाळके ठिपके उठले, तर या कुळातला विषाणू आहे असं समजायचं. 1929 मध्ये होम्स या शास्त्रज्ञाने याच ठिपक्यांची मोजणी करून विषाणूचं प्रमाण ठरवायची रीत घालून दिली. तुम्हाला एवढं करायचं नसेल तर पानाचा रस टाकून दहा-पंधरा मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्राच्या विभागाला विचारा. नमुना ओल्या पिशवीत कोंबून पाठवू नका, पानं कोरड्या कागदात गुंडाळून द्या.

आता काम कसं करायचं ते. रोज सकाळी आधी निरोगी ओळी, सगळ्यात शेवटी चौथी, पाचवी, सहावी. त्या तीन ओळींना रंगीत फीत बांधा. त्यांची कात्री वेगळी, क्रेट वेगळे, शक्य असेल तर माणूसही वेगळा आणि तो त्या दिवशी परत दुसऱ्या ओळींत जाणार नाही. बगलफूट लहान असतानाच, सकाळी कोरड्या पानांवर, बोटांनी मोडा. मोठी झाल्यावर कापावी लागते आणि कापणं म्हणजे ब्लेड. साय काढलेल्या दुधाची पावडर 200 ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून छोट्या डब्यात कमरेला बांधा आणि दर झाडानंतर बोटं आणि कात्री त्यात बुडवा. ऐकायला गंमत वाटेल, पण दुधातलं प्रथिन विषाणूला चिकटून त्याला झाडात शिरू देत नाही, आणि हे जगभरच्या काचगृहांत वापरलं जातं. आपल्या उष्म्यात ते दूध दोन-तीन तासांत फाटतं, तेव्हा दुपारी नवं करा. करोनानंतर सगळीकडे सॅनिटायझरची बाटली आली, पण या कुळातल्या विषाणूवर अल्कोहोलचा भरवसा नाही. कात्री, दोऱ्यांचे हुक, क्रेट यांच्यासाठी कपडे धुवायचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज ताजं. लोखंड गंजतं, म्हणून नंतर साध्या पाण्याने धुवा. आपल्या खाऱ्या हवेत कात्र्या तशाही टिकत नाहीत.

रोगट झाड काढताना बहुतेक जण ते मुळासकट ओढतात आणि वाटेने फरफटत नेतात, म्हणजे वीस झाडांना पुसून नेतात. तसं नको. उभ्या झाडावर वरून मोठी पिशवी घाला, बुडापासून कापा, पिशवीचं तोंड बांधा आणि मग हलवा. दोन्ही बाजूंचं एकेक झाड लक्षण नसलं तरी जाऊ द्या. ही कामं दिवसाच्या अगदी शेवटी.

उपटायचं की नाही, याचं माझं मत असं. सहाव्या ओळीपर्यंतच असेल आणि झाडांवर अजून पहिले दोन-तीनच घोस असतील, तर त्या तीन ओळी पूर्ण काढा आणि बाकीचं पीक वरच्या शिस्तीने सांभाळा. अर्ध्याहून जास्त ओळींत फुल्या असतील तर काढण्यात अर्थ राहत नाही. हा रोग झाड सहसा मारत नाही. फळं कमी येतात, काही वेडीवाकडी किंवा डागाळलेली निघतात, पण गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा भाव हातचा घालवू नका, तोडणी करा आणि पीक लवकर संपवा. झाडांना फूल यायच्या आतच निम्मं पॉलीहाऊस गेलं असतं तर मी आजच रिकामं करा म्हटलं असतं. फळ खाणाऱ्याला मात्र काहीही होत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात घाटावर ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून टोमॅटोची जी बदनामी झाली तेव्हा लोक टोमॅटो खायला घाबरले. तपासणीत काकडी मोझॅक विषाणूचं नाव पुढे आलं होतं. झाडांचे हे विषाणू माणसाला रोग देत नाहीत.

काकडी मोझॅकची चाल वेगळी आहे, आणि दसऱ्यानंतर तुम्हाला ती दिसू शकते, म्हणून सांगून ठेवते. मावा रोगट झाडाला काही सेकंद टोचतो, आणि लगेच पुढच्या झाडाला काही सेकंद टोचला की काम झालं. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याने रोग देऊन झालेला असतो, उलट फवारणीने बिथरून तो जास्त झाडं फिरतो. पांढऱ्या माशीच्या पर्णगुच्छाचं, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, तसं नाही. माशीला रस शोषायला बराच वेळ लागतो, विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला आणखी काही तास, आणि मग ती बहुधा मरेपर्यंत रोग देत राहते. तिथे आतली माशी मारल्याचा उपयोग होतो. फुलकिड्यांचं आणखी निराळं. भुईमुगाचा शेंडेमर रोग टोमॅटोवर आणणारा विषाणू फुलकिड्याच्या पिल्लालाच घेता येतो, मोठा झालेला फुलकिडा नव्याने घेऊ शकत नाही. म्हणजे पिल्लं ज्या झाडावर वाढली ते झाड रोगाचं घर. ते बहुतेक वेळा बाहेर असतं, बांधावर.

पावसाळ्यात बाहेरच्या माशीला आणि फुलकिड्यांना पाऊस झोडपून काढतो, म्हणून जुलैत तुमचे सापळे रिकामे आहेत. पण आतल्या झाडावर पाऊस पडत नाही. दोन-चार माश्या रोपांबरोबर आल्या असतील तर त्या सुखाने वाढतात. भात कापलं की मोकळ्या कुणग्यांत (भाताच्या खाचरांत) वाल, चवळी, भुईमूग, मिरची, कलिंगड सुरू होतं, बांधावरचं ओसाडी, गाजरगवत, कामोणी असलं तण वाळू लागतं, आणि तिथले कीटक हिरवं शोधत तुमच्या जाळीशी येतात. मी तर म्हणते, दसऱ्याआधीच पॉलीहाऊसभोवतीची चार-पाच मीटरची पट्टी साफ करा. भात कापणीच्या गडबडीत राहून गेलं आणि नंतर एकदम गवत काढलं तर त्याच दिवशी सगळे कीटक आत ढकलल्यासारखं होतं.

जाळी 50 मेशची (इंचाला 50 छिद्रं) असेल तर पांढरी माशी अडते, बारीक फुलकिडे तरीही शिरतात. त्याहून बारीक लावली तर आपल्या दमट हवेत आत वाफ कोंडते आणि भुरी-करप्यासारख्या बुरशीच्या रोगांना आमंत्रण. म्हणून मी जाळी आणखी बारीक करत नाही, जाळीचं क्षेत्र वाढवते. बाजूच्या पडद्याला बाहेर फुगवटा देऊन चौकट केली की तीच जाळी जास्त हवा देते. आणि दार दुहेरी हवंच, मध्ये माणूस उभा राहील एवढी खोली, जिथे हात धुवायचे, अंगावर आतला झगा चढवायचा.

हे पीक संपल्यावरचं एक काम आत्ताच डोक्यात ठेवा. झाडं काढताना मुळं जमिनीत राहतात आणि टोमॅटो मोझॅक वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत जवळजवळ दोन वर्षं टिकू शकतो. मे महिन्यात पॉलीहाऊस बंद करून तापवलं की माशी, कोळी मरतात, पण या विषाणूला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही. मुळं जमतील तेवढी वेचून काढा, दोऱ्या जाळा, पाइप-खांब ब्लीचने पुसा, ठिबकच्या नळ्यांना चिकटलेला पाला काढा. आणि त्यानंतर ढोबळी मिरची मुळीच लावू नका. बरेच जण ‘पीक बदललं’ म्हणून तीच लावतात आणि त्याच विषाणूला पुन्हा जेवायला बसवतात. काकडीला हा विषाणू चालत नाही, ती घ्या, दोन हंगाम.

पुढच्या टोमॅटोचं बी घेताना पाकिटावर टोमॅटो मोझॅकला प्रतिकारक अशी नोंद आहे का ते वाचा. तो प्रतिकार चांगला आहे, वर्षानुवर्षं टिकला. फक्त तपकिरी सुरकुत्यांचा जो विषाणू 2014 मध्ये इस्रायलमध्ये पहिल्यांदा दिसला, तो हा प्रतिकार ओलांडतो. म्हणून प्रतिकारक वाणावरही मोझॅक दिसला तर ‘हे होऊच शकत नाही’ म्हणून सोडून देऊ नका, चाचणी करा. तुमच्या आत्ताच्या वाणाचं पाकीट जपून ठेवलं असेल तर त्यावर काय लिहिलंय ते नकाशासोबत मला कळवा. वाण प्रतिकारक निघाला तर चाचणीआधी एकही झाड पॉलीहाऊसबाहेर काढून बांधावर टाकू नका. शेजाऱ्याची मिरची तिथून चार पावलांवर आहे.